कॅलेंडर माझं, वीत बाबांची

अमरावतीला मी अभ्यासिका चालवते. चाळीस खुर्च्या, चार पंखे, थंड पाण्याची एक टाकी आणि दारावर ‘फोन बंद ठेवा’ अशी पाटी. स्पर्धा परीक्षेची, नर्सिंगची, बारावीची पोरं-पोरी येतात आणि नवीन आलेलं कुणीही आठ दिवसांच्या आत माझ्या टेबलाशी येऊन तोच प्रश्न विचारतं, “मॅडम, अभ्यास ठरवतो, पण मंग उद्यावर जाते. ते कॅलेंडरमधी टारगेट कसे टाकाचे?” मी शिकवते. शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यायचं, मोठ्या कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला वार आणि वेळ द्यायची, घंटा लावायची. एवढं कुणीही सांगेल. मग मी विचारते, “ही घंटा तुझ्याशिवाय आणखी कुणाच्या फोनवर वाजेल?” यावर पोरं माझ्याकडे अशी बघतात, की मॅडमचं काहीतरी सटकलेलं दिसतंय. प्रत्येकाला सांगत बसले तर दिवस जाईल, म्हणून लिहून ठेवते आहे. आत्मकथन लिहायला केस पिकावे लागतात, असं आई म्हणते. माझे पस्तिशीतच पिकायला लागलेत, तेवढ्यावर भागवून घेते.

आमचं शेत अंजनगाव सुर्जीपासून सायकलच्या वाटेवर. वांगी, भेंडी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि पावसाळ्यात अर्ध्या वावरात झेंडू. घर शेताला लागूनच, त्यामुळे घरात शेताचे आवाज आणि शेतात घरचे. मोटर सुरू झाली की आईच्या हातातली भाकर एका लयीत थापली जायची आणि मोटर बंद पडली की आई ओरडायची, “अवं, लाइन गेली वाट्टे!” थंडीत कधीतरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गोवऱ्या पेटवून आई रोडगे भाजायची, वरून राखेचे, आतून पांढरेशुभ्र, तुपात बुडवलेले, आणि सोबत तोंडाला घाम फोडणारी वांग्याची भाजी. बाबा चौथी शिकलेले. बोलणं कमी, पण प्रश्न अनंत. मी अकरावीला विज्ञान घेतलं तेव्हापासून ते माझ्या पुस्तकांना कंटाळा येईल इतके प्रश्न विचारायचे. “रात्री झाड झोपते का व अर्चना?” “मुळाले खाली जाचं कोन सांगते?” “झेंडूचं एक फूल म्हंजे एकच फूल की लय फुलं?” या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मिळालं, की ती शेकडो फुलं असतात. तोवर त्यांनी ते स्वतःच एक फूल चुरगाळून, धोतरावर मांडून शोधून काढलं होतं.

याच बाबांकडे काळ मोजायची एक पद्धत होती. ज्येष्ठ लागला की ते भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहायचे, दसऱ्यावर बोट ठेवायचे आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजत मागे मागे यायचे. दसऱ्याला फूल हवं, तर कळी कधी, रोप वावरात कधी, बी वाफ्यात कधी. मोजणं संपेल त्या दिवशी बी पडायचं. पाहुणे असोत, ताप असो, आभाळ फाटो. दसऱ्यानंतर फुललेल्या झेंडूला कुत्रंही विचारत नाही, हे आमच्या घरात शिकवावं लागत नव्हतं. अशा घरात माझ्यासारखी आळशी पोरगी कशी निपजली, याचं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

कॉलेजसाठी मी अकोल्याला, जठारपेठेत आत्याकडे राहत होते. आत्या ब्लाउज शिवायची. सकाळपासून शिलाई मशीनची घरघर, त्यात मधूनच कात्रीचा खटका, कुकरची शिट्टी आणि गिऱ्हाईक बायकांशी वाद. आत्याची कढी साऱ्या गल्लीत प्रसिद्ध होती आणि जीभही. ती मला “साहेबीण” म्हणायची, कारण मी सकाळी सातच्या आत कधी उठले नाही. मी अभ्यास करत नव्हते असं नाही. मी अभ्यासाची तयारी करायचे. पेन्सिलींना टोक काढायचे, वहीला कव्हर घालायचे, टेबल खिडकीशी न्यायचे आणि मग थकून झोपायचे. याच गुणांवर माझं तिसरं वर्ष एकदा गेलं होतं. वनस्पतिशास्त्राचा प्रकल्प दिला नाही म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेला बसू दिलं नव्हतं. घरी कळलं तेव्हा बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “एक डाव चुकते मानूस. दुसऱ्या डावाले मंग घरी ये, वावर आहेच.” ते धमकी देत नव्हते, खरंच सांगत होते, आणि म्हणूनच मी घाबरले. मला बी.एड. करायचं होतं, शिकवायचं होतं. यंदा प्रकल्प चुकला की ते सगळं तिथेच संपणार होतं.

प्रकल्पाच्या वानखडे मॅडम बारीक, चष्म्याच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी वर्गात आम्हाला फोन काढायला लावले, आणि हे कुठल्याच सरांनी आजवर केलं नव्हतं. “फोनात कॅलेंडर असतं, ते तुम्ही कधी उघडलं का?” कुणीच उघडलं नव्हतं. मग त्यांनी फळ्यावर शेवटची तारीख लिहिली, दसऱ्यानंतरची, आणि तिथून मागे येत कामाचे तुकडे पाडून दाखवले. मी बघतच राहिले. मॅडम बाबांसारख्या मोजत होत्या, फक्त पेरांऐवजी खडूने. “आणि मराठीत लिहा,” त्या म्हणाल्या, “स्वतःला हुकूम द्यायचा तर स्वतःच्या भाषेत द्यावा.” मी विषय घेतला झेंडूच्या वाढीचा. रोप लावल्यापासून फूल येईपर्यंत, दर रविवारी सकाळी सात वाजता, दहा रोपांची उंची, पानं, कळ्या. आत्याच्या घरी पोचेपर्यंत मी बारा रविवारांच्या नोंदी टाकल्या : ‘झेंडू. दहा रोपे. उंची, पाने, कळ्या मोजणे. टाळू नये.’ मग प्रत्येक नोंदीला रंग दिला. आधी केशरी, मग वाटलं हिरवा बरा, मग उंचीला एक आणि कळ्यांना दुसरा. दोन दिवस मी फक्त रंग लावत होते आणि इतका अभ्यास आयुष्यात केला नव्हता असं मला वाटत होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बाबांनी चुलतभावाकडून एक जुना टच फोन घेतला होता. चालू करताना फोनने ईमेलचा पत्ता मागितला. बाबांचा कुठला आला पत्ता? मी माझाच टाकला आणि काम मिटवलं. आमच्याकडे असंच होतं. घरात शिकलेलं एक पोरगं असलं की सगळ्या घरादाराचे फोन त्याच्याच नावावर चालतात. त्याचा पुढे काय अर्थ होतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

श्रावणाच्या आधी मी घरून दहा रोपं आणली आणि आत्याच्या गच्चीवर तेलाच्या दहा डब्यांत लावली. डब्यांना खाली भोकं पाडायची होती. आत्याकडे खिळा होता, हातोडी होती, मी म्हटलं उद्या पाडू. त्या उद्यात जो पाऊस लागला तो चार दिवस उघडला नाही. डबे काठोकाठ भरले आणि दहाची दहा रोपं मुळाशी सडून आडवी झाली. आत्या गच्चीवर आली, कमरेवर हात ठेवून डब्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “साहेबीण, भात लावाचा होता का?” मी ठरवलं, पुढच्या आठवड्यात नवी रोपं आणीन, कुठून तरी सुरुवात करीन. रविवारी सातला फोन वाजायचा. मी पांघरुणातून हात काढून नोंद बोटाने दुपारी बारावर ढकलायचे. बाराला कढी-भात झालेला असायचा, म्हणून संध्याकाळी पाचवर. पाचला मैत्रीण यायची, म्हणून सोमवारी. ढकलणं फार सोपं होतं. बोट ठेवायचं, ओढायचं, सोडायचं. आणि ढकलताना मला अपराधी वाटत नव्हतं, उलट काम मार्गी लावल्याचं समाधान मिळायचं. माझ्या अभ्यासिकेतल्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात, कारण प्रत्येकाच्या बोटाला ते माहीत असतं.

दर रविवारी आईचा फोन यायचा. मागून बाबा ओरडायचे, “तिले सांग, काम झालं म्हना!” मी कॉलेजसाठी उत्पन्नाचा दाखला मागितला होता, मला वाटायचं ते त्याचंच. दाखल्याला इतके हेलपाटे का पडताहेत, असंही एकदा मनात आलं. पण विचारायचं मी पुढच्या रविवारवर ढकललं.

महालक्ष्म्या आल्या. वानखडे मॅडमनी सांगितलं होतं, सणाहून परत आलात की वह्या आणा, तोवरची निरीक्षणं बघेन. ज्याची वही कोरी त्याने नाव काढून घ्यावं. मी दर्यापूरमार्गे बसने घरी निघाले तेव्हा माझी वही छान कव्हर घातलेली आणि संपूर्ण कोरी होती. बेत सरळ होता. बाबांना विचारायचं, झेंडू किती दिवसांत किती वाढतो, आणि खिडकीशी बसून सात आठवड्यांचे आकडे रचायचे. वर्गातले निम्मे तेच करणार होते. घरी आंबिलीचा वास सुटला होता, आई सोळा भाज्या एकत्र शिजवत होती, महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्या घालायला शेजारच्या काकू आल्या होत्या. जेवणं झाली, पुरणाने डोळे जड झाले. बाबा ओसरीवर गजऱ्याचा दोरा गुंडाळत बसले होते. मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “बाबा, झेंडू लावल्यापासून पहिल्या आठवड्यात किती वाढते हो?”

बाबांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. “काहून? वहीत आहे ना सगळं.”

“कोणत्या वहीत?”

ते उठून आत गेले आणि देव्हाऱ्याच्या फळीवरून एक दुरेघी वही घेऊन आले. वर आईच्या अक्षरात लिहिलं होतं : अर्चनाचं काम. “तूच तं फोनवर धाडलं,” बाबा म्हणाले. “दर आइतवारी वाजते. झेंडू, दहा रोपे, टाळू नये. मी म्हनलं, कॉलेजचं काम आहे, टाळाचं कसं?”

मी वही उघडली. त्यांनी मध्यावरच्या सरीतली दहा झाडं निवडली होती आणि प्रत्येकाला गजऱ्याचा दोरा बांधून त्याला गाठी मारल्या होत्या. एक नंबरला एक गाठ, दहा नंबरला दहा. उंची वितीत आणि बोटांत लिहिली होती, कारण घरात पट्टी नव्हती. ‘तीन नंबर, एक वीत दोन बोटं. पानं चौदा.’ शेवटी शेराही असायचा. ‘सहा नंबरले मावा लागला. राख टाकली.’ ‘आज मोजता मोजता भिजलो.’ ‘नऊ नंबर रुसलं आहे, मेलं नाही.’ मी पानं उलटत गेले आणि मग माझा हात थांबला. एका रविवारी सकाळी सात, त्याच दिवशी दुपारी बारा, त्याच दिवशी संध्याकाळी पाच, आणि सोमवारी पुन्हा. पुढच्या आठवड्यात रविवार, सोमवार, मंगळवार. मी माझा फोन काढला नाही. काढायची गरजच नव्हती. मी जितक्या वेळा नोंद पुढे ढकलली होती, तितक्या वेळा ती विहिरीजवळ बाबांच्या खिशात पुन्हा वाजली होती आणि तितक्या वेळा ते हातातलं काम टाकून वावरात गेले होते. त्या वहीत माझा आळस वारानिशी, वेळेनिशी लिहून ठेवलेला होता, बाबांच्या गोल अक्षरात.

“एका दिवशी तं तीन डाव वाजलं,” आई कौतुकाने सांगत होती. “तुहे बाबा अंजनगावच्या बाजारातून अर्ध्यातून परत आले. भेंडी तशीच ठेवली शेजारच्याच्या हवाली. मी म्हनलं, एवढी काय घाई? तं म्हनते, कॉलेजातल्या बायका काही समजूनच सांगत असतीन. बाजारात साऱ्यायले सांगून ठेवलं, पोरीच्या कॉलेजासाठी मी मोजून राहिलो म्हनून.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या सांगू. इतकी लाज वाटत होती तरी तोंडातून उद्याच निघालं, यावरून माझा रोग किती जुना होता ते कळेल. दुसऱ्या दिवशी मी वही पिशवीत घालून अकोल्याला परत आले.

जठारपेठेत आत्याच्या मशीनच्या आवाजात मी दोन्ही वह्या समोर ठेवून बसले. फक्त उतरवून काढायचं होतं. आकडे खरे होते, झाडं खरी होती, कुणाला कळणार नव्हतं. मी पहिलं पान उतरवलंही. वितीच्या जागी अंदाजाने सेंटिमीटर टाकले. पण तीन आकड्यांनंतर हात चालेना. मला सारखे बाबा भेंडी टाकून परत येताना दिसत होते. ते पान मी फाडलं आणि मॅडमपुढे बाबांचीच वही ठेवली.

मॅडमनी ती शांतपणे वाचली. नऊ नंबर रुसल्याचं वाचून ओठांत हसल्या. मग चष्मा वर करून म्हणाल्या, “ही कोणाची वीत आहे?”

“बाबांची.” आणि मग मी सगळं सांगितलं. डब्यांची भोकं, पांघरुणातलं बोट, एकच ईमेल, सगळं. सांगताना रडले, लपवत नाही.

मॅडम बराच वेळ पानं चाळत होत्या. त्यांना माझ्या रडण्यापेक्षा वहीत जास्त रस होता. “हे बघ,” त्या म्हणाल्या, “इथे लागोपाठ चार दिवस मोजलंय ना, पावसानंतरचे. एकेका दिवसात बोटभर वाढ. आठवड्याने एकदा मोजलं असतं तर हे दिसलंच नसतं.” मग त्यांनी वही मिटली. “पण हे निरीक्षण तुझं नाही. ज्याने पाहिलं त्याचं नाव वर येईल. तुझे अजून चार रविवार आहेत. ते तू स्वतः मोजायचे, त्याच झाडांवर. एक जरी चुकला तरी मी सही करणार नाही. आणि वीत चालणार नाही मला. जा, वडिलांचा हात मोजून आण.”

त्या शनिवारी मी पट्टी घेऊन पुन्हा गावी गेले. बाबा धुऱ्यावर बसून पाणी पीत होते. मी म्हटलं, हात द्या. “काहून व?” “वीत मोजायची आहे.” त्यांना फार गंमत वाटली. त्यांनी पंजा पूर्ण ताणून पट्टीवर ठेवला. वीत एकवीस सेंटिमीटर. बोट दोनला थोडं कमी. तळव्याच्या भेगांत माती आणि वांग्याच्या काळसर डागांचा थर होता, करंगळी एके काळी मोटरच्या पट्ट्यात सापडून वाकडी झालेली. लहानपणापासून हा हात धरून मी चालले होते आणि तो नीट पाहिला नव्हता. आकडा वहीत लिहून झाला आणि मी मान वर न करता बोलले. “बाबा, ते काम मी तुमाले धाडलं नव्हतं. ते मलेच होतं. तुमच्या फोनात माहाच ईमेल आहे म्हणून वाजत होतं.”

“मंग तू काहून नाही केलं तव्हा?”

“झोपून राहायची. पुढं ढकलायची. मी ढकललं की तुमच्याकडं पुन्हा वाजे.”

त्यांनी माझ्या हातातली वही घेऊन ते पान काढलं. “म्हंजे तीन डाव वाजलं, बाजारातून आलो, ते बी?”

“हाव.”

“मी साऱ्यायले सांगतलं ना व,” ते हळूच म्हणाले, “की पोरीनं मले काम देलं.” आणि उठून पाणी बघायला गेले. मला चपराक मारली असती तर बरं झालं असतं. ते त्या संध्याकाळी माझ्याशी बोलले नाहीत. आईने पिठलं-भाकर वाढली, ठेचा वाढला आणि दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. हात धुता धुता बाबांनी विचारलं, “उद्या वाजते का?”

“सात वाजता.”

“मंग तू मोज. मी लिहितो.”

सकाळी सातला दोन्ही फोन एकदमच वाजले, माझा उशाशी आणि त्यांचा खुंटीवरच्या सदऱ्यात. ते आधीच दारात उभे होते, वही काखेत. दवाने ओली पानं पायांना लागत होती. मी वाकून पट्टी धरायचे, मोठ्याने सांगायचे, ते लिहायचे आणि मध्येच अडवायचे, “तिरपी धरली तू पट्टी. झाडाले सरळ उभं राहू दे आधी.” नऊ नंबरवर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, “दहाच काहून मोजाचे? एक मोजलं तं नाही का चालत?” मी सांगितलं, की एखादं झाड मुळातच वेगळं असतं, एकावरून सगळ्यांचं ठरवता येत नाही. ते नऊ नंबरकडे बघून म्हणाले, “बरोबर आहे. हेच मोजलं असतं तं झेंडूची जातच बदनाम झाली असती.” आणि हसले. मला हायसं वाटलं. असे चार शनिवार मी अकोल्याहून आले आणि चार रविवार मोजले. तिसऱ्या आठवड्यात दर्यापूरच्या पुढे बस बंद पडली, तेव्हा दोन तास उभी राहून, ट्रॅक्टरला हात दाखवत आले, पण आले. शेवटच्या रविवारी नऊ नंबरलाही चार फुलं होती.

मॅडमनी सही केली. मार्क यथातथाच मिळाले, पण परीक्षेला बसले, पास झाले, पुढे बी.एड.ही झालं. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मॅडमनी सांगितल्याप्रमाणे निरीक्षक म्हणून दोन नावं होती, वर बाबांचं, खाली माझं. ते पान मी घरी दाखवायला नेलं तेव्हा बाबांनी नावावरून बोट फिरवत दोनदा वाचलं, मार्क विचारलेच नाहीत, आणि म्हणाले, “आता पुढचं काय मोजाचं?”

तो ईमेल आजही दोन्ही फोनांत एकच आहे. बदलायचं माझ्या कधी मनातच आलं नाही. बाबा आता सत्तरीला आले, त्यांना रक्तदाबाची गोळी लागली, आणि मी कॅलेंडरमध्ये रोज सकाळी आठची नोंद टाकली : ‘बाबा. गोळी. टाळू नये.’ नोंद पुढे ढकलायला त्यांना कुणी शिकवलं नाही, ते स्वतःच शिकले, प्रश्न विचारणाराच माणूस तो. त्यांनी तिकडे ढकललं की इकडे अभ्यासिकेत, ‘फोन बंद ठेवा’च्या पाटीखाली, माझा फोन वाजतो आणि पोरं माना वर करून हसतात. मी बाहेर जाऊन फोन करते, ते म्हणतात, “घेतो व, इतकी काय घाई.” गेल्या महिन्यात एका दिवशी आठला वाजला, अकराला वाजला, दोनला वाजला. तिसऱ्या वेळी मी फोन केला नाही. अभ्यासिकेची किल्ली एका पोरीकडे दिली, बस पकडली आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचले. बाबा ओसरीवर बसले होते. “काहून आली अशी मधातच?” मी म्हटलं, “तीन डाव वाजलं.” मी गोळी आणि पाणी पुढे केलं. त्यांनी ती वाकडी करंगळी असलेला हात मुकाट्याने पुढे केला, गोळी तोंडात टाकली, घोट घेतला आणि तोंड पुसत म्हणाले, “लिहून घेतलं का?”